दोनशे सतरा नंबरचा बिल्ला

खाणीच्या या गावात आता खाण सोडून सगळं आहे. साहेबांच्या बंगल्याचं हॉटेल झालंय, माणसांना खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात पर्यटक फोटो काढतात आणि पाळीचा भोंगा त्यांच्या करमणुकीसाठी रोज बाराला वाजतो. कंपनीनं डोंगर पोखरला, माणसं पोखरली आणि काखा वर करून निघून गेली. तिच्या नावाचं संग्रहालय मात्र झोकात उभं आहे.

तिथल्या दिव्यांच्या खोलीत माहिती सांगते ती दिवेवाली मावशी. नवरा खाणीत गाडला गेला तेव्हा कंपनीनं तिला ही नोकरी दिली, वर उपकाराचा आव आणला. पुढे तीस वर्षं ती कामगारांच्या हाती दिवे देत राहिली. खाली जाणारा आपला पितळी बिल्ला ‘खाली’ लिहिलेल्या फळीवर टांगायचा, परतला की स्वतःच्या हातानं ‘वर’च्या फळीवर. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही. आणि ‘खाली’ एकही बिल्ला असेल तोवर खोलीला कुलूप लावायचं नाही. नवऱ्याचा दोनशे सतरा नंबर तेव्हापासून ‘खाली’च होता. या दाराला कुलूप कधी लागलंच नाही.

सुट्टी संपवून ती सोमवारी आली, तर ‘खाली’ची फळी रिकामी. सगळे बिल्ले घासूनपुसून ‘वर’ लावलेले, दोनशे सतराही. उघड्या दाराच्या कडीला नवं कोरं कुलूप.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कुणी हात लावला याला?”

“मीच लावून घेतले,” नवा व्यवस्थापक शाबासकीच्या अपेक्षेनं म्हणाला. “सगळे सुखरूप वर आले असं दिसलं, की लोकांना बरं वाटतं, मावशी.”

“लोकांना बरं वाटावं म्हणून माझा माणूस वर आणलास? कंपनीनं तीन दिवसांत शोध गुंडाळला. तुला एका फडक्यात जमलं!”

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावला आणि तो परत ‘खाली’ टांगला.

पाचला व्यवस्थापक किल्ल्या घेऊन आला. ती दारात स्टूल टाकून बसली होती, कुलूप मांडीवर घेऊन.

“मावशी, बंद करायचंय.”

“फळी बघ. एक माणूस खाली आहे.”

“अहो, पण उद्या इथे चोरी झाली तर जबाबदार कोण?”

“माझ्या माणसाला जबाबदार कोण, ते आधी सांग. मग देते कुलूप.”