चतुराबाईची ट्यूब

शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या शेडवर चतुराबाई वीस हंगाम फळं निवडत होती. तिचा भरवसा डोळ्यांवर नाही, बोटांवर. हात लावला की फळ आतून सुकलंय का रसरशीत, ते तिला कळायचं. यंदा मात्र सालीच्या तेलानं बोटं सुजली, भेगा पडल्या.

मुकादम खुशालराव म्हणाले, "रांगेतून ऊठ. पंधरा दिवसांत हात बरे कर बाई. नाईतर शेड झाडायले पाठवीन."

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी हॅलोमेटासोन नावाचं मलम लिहून दिलं. औषधवाल्यानंही नाव दोनदा वाचलं आणि बजावलं,

"स्टेरॉइड आहे. फक्त हाताला लावा. दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही."

तिसऱ्या दिवशी खाज थांबली आणि शेडभर बातमी झाली. तिथं तंबाखू, ठेचा, डोक्याचं तेल, सगळं सगळ्यांचं. साधनानं टाचेला लावलं. दीपमालानं मानेला. हमाल मोतीरामनं कमरेवरच्या गजकर्णाला लावलं आणि म्हणाला, "काकी, जादू हाय!"

आठव्या दिवशी ट्यूब संपली. नवव्या दिवशी बोटं पुन्हा फुटली.

"इतक्यात संपली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शेडवर आमी बारा जण हावो जी."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गजकर्णाला कोणी लावलं का?"

"मोतीरामनं. बरं हाय त्याले."

"बरं नाही. नुसती खाज दबलीय. या मलमानं गजकर्ण पसरतं."

नवी ट्यूब घेऊन चतुराबाई शेडवर आली, तर मोतीराम सदरा वर करून उभा. गजकर्ण पोटापर्यंत पोचलं होतं.

"काकी, जरासं दे."

"नाही."

निवडणारे सगळे हात थांबले. चतुराबाईच्या तोंडून हा शब्द शेडनं कधी ऐकला नव्हता.

"काहून?"

"ह्याच्यानंच वाढलं तुयं. डॉक्टरकडं जाय."

"घ्या! काकी डॉक्टर झाली," साधना म्हणाली.

"झाली," चतुराबाई म्हणाली आणि ट्यूब पोलक्यात खोचली.

सहा दिवस तिच्याशी कोणी बोललं नाही. मोतीराम मात्र वरूडच्या दवाखान्यात जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही.

पंधराव्या दिवशी खुशालराव आले. "हात दाखव. उलटे कर. बस रांगेत."

रांगेत जागा नव्हती. कोणी हललं नाही.

"सरक, साधने," चतुराबाई म्हणाली.

साधना चार बोटं सरकली. चतुराबाई तेवढ्यात बसली.