हद्दीच्या पाटीपाशी

नगरपालिकेत त्यांना सगळे कलमकाका म्हणत. काहीही विचारा, आधी कलम, मग उत्तर. घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणायची, "दूध उतू गेलं तरी कुठल्या कलमाखाली गेलं, ते सांगतील."

आता तीच बायको अंथरुणाला खिळून बहिणीच्या गावी होती आणि कलमकाका इथे अडकले होते. मुख्याधिकारी रजेवर गेले, तेव्हा हेडक्लार्क म्हणून चार्ज यांच्या गळ्यात पडला. त्यातच निवडणुकीच्या निकालावरून कोर्टात दावा लागला. मतपेट्या मागच्या खोलीत सीलबंद झाल्या. खोलीची किल्ली ज्याच्याकडे चार्ज त्याच्याकडे, आणि त्याने शहराची हद्द सोडायची नाही, असा हुकूम निघाला. मुख्याधिकाऱ्यांची रजा मारुतीच्या शेपटासारखी लांबत गेली. दुसऱ्याला चार्ज द्यायचा तर वरून लेखी आदेश हवा. काकांनी अर्जांवर अर्ज केले. उत्तर एकच, विचाराधीन आहे.

त्या दिवशी सकाळी मेहुणीचा फोन आला. "भावोजी, ताईला मोठ्या दवाखान्यात हलवतोय. डॉक्टर आता काही बोलत नाहीत. गाडी तुमच्या नाक्यावरूनच जाईल. तिथे थांबा, बरोबर चला. ती सारखी तुम्हाला विचारतेय."

काका अकाउंटंटच्या टेबलापाशी गेले. "एवढी किल्ली ठेवून घेता का? मी येईपर्यंत."

अकाउंटंटने मान वर केली नाही. "काका, एरवी जीव मागा. पण उद्या सील हललेलं निघालं, तर कोर्टात मी उभा राहणार. आदेशाशिवाय टाचणीसुद्धा ताब्यात घ्यायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

काका किल्ली मुठीत घेऊन मागे फिरले. स्वतःच वळलेली दोरी.

वरच्या कचेरीत फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते.

"माझी बायको फार—"

"अर्ज पाठवून द्या," तिकडचा माणूस म्हणाला आणि फोन ठेवला.

नाक्यावरची जकात बंद होऊन जमाना झाला होता. खोपटं आणि राखणदार तेवढे उरले होते. काका बाकावर बसले. हात सारखा खिशातल्या किल्लीकडे जात होता.

"कुणी येतंय का, साहेब?" राखणदाराने विचारलं.

"येत नाहीत. चाललेत."

गाडी आली, पण नाक्यावर थांबायच्या जागी ट्रक उभा होता. ती थोडी पुढे जाऊन, हद्द संपल्याच्या पाटीपलीकडे थांबली. मेहुणीने दार उघडून हात केला. काका धावत पाटीपर्यंत गेले आणि तिथे त्यांचे पाय थिजले.

"गाडी मागे घ्या," ते म्हणाले.

"मागे ट्रक आहे, काका. चार पावलं या की," ड्रायव्हर वैतागला.

"भावोजी, पाय चिकटले का तिथे?" मेहुणी रडवेली झाली.

आतून बारीक आवाज आला. "राहू दे गं. त्यांच्याकडे किल्ली असेल. नको ओढूस त्यांना."

काका मागे वळले आणि पाठोपाठ आलेल्या राखणदाराच्या हातात किल्ली कोंबली. "मी येईपर्यंत सांभाळा."

"साहेब, गरिबाची नोकरी जाईल." त्याने किल्ली तशीच पुढे धरली. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, किल्ली परत घेतली, खिशात टाकली आणि पाटी ओलांडली.

गाडी सुटली. बायकोचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. तो थंडगार होता.

"किल्ली?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"खिशात आहे."

"म्हणजे हद्दीबाहेर नेलीत." तिच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "मग आता कुठलं कलम लागेल?"

काकांना ते पाठ होतं. पण जिभेवर येईना. "बघू नंतर," ते म्हणाले.

ती पुढे काही बोलली नाही. मेहुणीने तिला हाक मारली, मग जरा मोठ्याने मारली. तेव्हा काका खाली वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि कलम सांगू लागले. मग पोटकलम. मग त्याखालची शिक्षा. सगळं सांगून झालं, की पुन्हा पहिल्यापासून. कलम ऐकून ती गप्प राहिली, असं आजवर कधी झालं नव्हतं.