स्पिंडलवरचं कुंकू

"तू जरा बाहेर थांब. पूजा उरकली की ये."

खंडेनवमी होती. माझे मार्गदर्शक सर सगळ्यांसमोर म्हणाले, आवाज न चढवता. प्रयोगशाळेतली मुलं झेंडूचे हार घेऊन उभी होती. टेबलावरची सगळी यंत्रं मी सकाळीच पुसून लख्ख केलेली. पुसायला माझा हात चालला, हळद-कुंकवाच्या वेळी नाही. कोडोलीच्या बौद्ध वस्तीतली मी. त्या पूजेचं मला काडीचं कौतुक नव्हतं. पण ती यंत्रं रोज मी चालवत होते, आणि मीच जिन्यात उभी. आत आरती चाललेली. अंगाची लाही झाली.

माझी पीएचडी नॅनोफ्लुइडवर. पाण्यात अ‍ॅल्युमिनाची इतकी बारीक पूड मिसळायची की कण डोळ्यांना दिसतच नाहीत. असं पाणी उष्णता जास्त भराभर वाहून नेतं. पण पूड वाढवली की ते दाट होतं आणि फिरवताना पंपाचा जीव जातो. म्हणून दोन्ही मोजावं लागतं. दाटपणा मोजतो व्हिस्कोमीटर. त्याची दांडी, म्हणजे स्पिंडल, द्रवात फिरते. द्रव जितका दाट तितकी ती अडते.

दसऱ्यानंतर मोजायला बसले तर दाटपणाचे आकडे भलतेच चढलेले. उष्णतेचे मात्र होते तसेच. सरांनी आलेख पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"हाताला गुण असावा लागतो. काहींचा हात लागला की यंत्र बिघडतंच."

मुलं हसली. ज्यांना मोजायला मी शिकवलं, तीही.

मी स्पिंडल काढलं. ते यंत्रात जिथं बसतं तिथंच हळद-कुंकू वाळून घट्ट चिकटलेलं. पूजेच्या भरात नेमकं फिरणाऱ्या भागाला बोट लावलेलं. त्यानंच दांडी अडत होती, आणि यंत्र तो द्रवाचा दाटपणा धरत होतं. धुतलं. आधी साधं पाणी मोजलं, आकडा बरोबर आला. मग आमचा द्रव मोजला, तोही जागेवर आला. सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"देवाच्या गोष्टी मध्ये आणू नकोस. शनिवारच्या बैठकीत सांग, साफ करताना तुझ्याकडूनच राहिलं. विषय संपेल."

घरी वडिलांना सांगितलं. शिरोलीच्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ओतण्यात त्यांची हयात गेली.

"म्हण की चुकलं म्हणून. तोंड झिजतंय व्हय? डिग्री हातात पडूदे, मग काय बोलायचं त्ये बोल."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. आयुष्यभर त्यांनी असंच निभावलेलं. मला त्यांचाही राग आला.

शनिवारी सरांनी मला उभं केलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि घरची बोलीच बाहेर पडली.

"चूक माझ्या हाताची न्हाय. पूजा केलेल्या हाताची हाय. मला तवा भाईर काढलेलं."

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "बस खाली." मी बसले नाही. बैठक संपेपर्यंत उभीच राहिले.

आता प्रबंध लिहून होत आलाय. सर सही लांबवतात, प्रकरणं परत पाठवतात. पाठवू देत. मोजमापातल्या चुकांचा एक भाग प्रबंधात द्यावाच लागतो. त्यात मी लिहिलंय: खंडेनवमीला स्पिंडलला हळद-कुंकू लावल्यामुळे दाटपणाचे आकडे खोटे वाढले. "तेवढा परिच्छेद काढ," म्हणून ते मागे लागलेत. आधी दरडावून, हल्ली गोड बोलून. मी काढणार नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील. विचारतील, कुंकू कुणी लावलं, आणि तेव्हा तू कुठं होतीस. मी सांगणार. मार्गदर्शक म्हणून सर तिथंच बसलेले असतील, त्यांना उठून जाता येणार नाही. त्यांची मान खाली गेलेली मला बघायचीय. त्याआधी त्यांनी माझी माफी मागितली, तरी तो परिच्छेद तसाच राहील.