शनिवारची फूटपट्टी

आमच्या सेक्शनचे किस्से कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशव्या कशा, कुणी जमवत नाही, पण एक दिवस स्वयंपाकघराच्या दारामागे बघावं तर ही थप्पी! तसंच हे. अजूनही आम्ही जुनी मंडळी भेटलो आणि कुणी नुसतं "फूटपट्टी" म्हटलं की चहा नाकात जातो.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची औषधांची कंपनी होती आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टॅटिस्टिक्स सेक्शन. माणसं चार. हजेरीपटावर एक नंबरला सामंतसाहेब, दोनला कर्णिकबाई, तीनला मी आणि चारला नवा गावडे. गोळ्यांची वजनं, त्या पाण्यात किती मिनिटांत विरघळतात, असले आकडे लॅबमधून यायचे आणि आम्ही त्यांच्यातून काय ते सत्य काढायचो.

सामंतसाहेब मनाने सोनं, पण त्यांचा एक नेम होता. दर शनिवारी, हाफ डे सुटण्याआधी, ते प्रत्येकाच्या प्रिंटआउटचा गठ्ठा टेबलावर ठेवून फूटपट्टीने मोजायचे आणि डायरीत लिहायचे. कर्णिक, तीन इंच. मी, दोन इंच. "काम दिसलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. आम्हीही निर्ढावलो होतो. शुक्रवारी इंच कमी पडतायत असं वाटलं की तोच तक्ता मी दोनदा छापायची.

*

गावडे पवईला कुणा प्रोफेसरांच्या हाताखाली काम करून आला होता आणि येताना एक नवीन भाषा शिकून आला होता. कॉम्प्युटरची. तिचं नाव फक्त एक अक्षर, एस. कर्णिकबाई म्हणाल्या, "नावापासूनच काटकसर दिसतेय."

आमची पद्धत जुनी. हजार गोळ्यांची वजनं ग्रॅममधून मिलिग्रॅममध्ये न्यायला हजाराने गुणायचं तर कॉम्प्युटरला सांगायचं, पहिली गोळी घे, गुण, ठेव. संपल्या का बघ. नसतील तर दुसरी घे. गावडेने अख्ख्या यादीला नुसतं 'वजन' असं नाव दिलं, पुढे गुणिलेचं चिन्ह टाकलं, हजार लिहिलं आणि बटण दाबलं. हजार उत्तरं हजर.

सामंतसाहेब मागे उभे होते, ते उभेच राहिले. त्यांनी विचारलं, "आणि बाकीचं?"

गावडे राहायला दहिसरला, मूळचा मालवणचा. घाबरला की त्याची मालवणी बाहेर यायची. "बाकीचा काय नाय, साहेब," तो म्हणाला.

त्या शनिवारी डायरीत नोंद झाली. गावडे, अर्धं पान.

आता यात हसण्यासारखं एवढंच नव्हतं, हे सांगायला हवं. गावडे प्रोबेशनवर होता. वडिलांची गिरणी बंद पडलेली, पाठच्या दोन बहिणी शिकत होत्या आणि घरात पगार हा एकच. कायम करायचं की नाही ते सामंतसाहेबांच्या शिफारशीवर ठरणार होतं. आणि सामंतसाहेब इंचात विचार करायचे.

*

साहेबांना ही भाषा पटवून द्यायचा पहिला प्रयत्न कर्णिकबाईंनी केला. दुपारी डबे उघडले होते. त्यांनी आपल्या भाताकडे बोट दाखवलं आणि विचारलं, साहेब, घरी भाताला मीठ घालतात ते एकेका दाण्याला लावतात का? पातेल्यात एकदा घातलं की सगळ्यांना लागतं. गावडे तेच करतो.

साहेबांनी घास नीट चावला, गिळला आणि म्हणाले, "पण सगळ्या दाण्यांना लागलं का, हे कोण बघणार?"

"शितावरून भाताची परीक्षा," बाई म्हणाल्या. "ती करायलाच तर कंपनी आपल्याला पगार देते."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी लॅबचे मोठे साहेब आले तेव्हा आमचे साहेब त्यांना पातेल्याचं आणि मिठाचं उदाहरण स्वतःचं म्हणून सांगत होते. कर्णिकबाई तेव्हा त्यांच्या पाठीमागेच फाइल शोधत होत्या आणि ती फाइल त्यांना बराच वेळ सापडली नाही.

*

मग मीही ती भाषा शिकले आणि पहिल्याच महिन्यात माती खाल्ली.

लॅबवाले काचेच्या छोट्या वाटीत गोळी ठेवून वजन करायचे, म्हणून त्यातून रिकाम्या वाटीचं वजन वजा करावं लागायचं. भरलेल्या वाट्यांची चोवीस वजनं आली होती आणि रिकाम्या वाट्यांची फक्त बारा, कारण दुसरा कागद लॅबमध्येच राहिला होता. ते काही माझ्या ध्यानात आलं नाही. मी ऐटीत एक ओळ लिहिली, ही यादी वजा ती यादी. आता कॉम्प्युटरने बोंबलायला नको का? पण या भाषेचा स्वभाव भिडस्त. वऱ्हाडी चोवीस आणि फेटे बारा असले तर तेराव्याच्या डोक्यावर पहिल्याचाच फेटा ठेवून ती मोकळी होते.

दुसऱ्या बाराच्या वाट्या वेगळ्या, बऱ्याच हलक्या होत्या. त्यातून जड वाट्यांची वजनं वजा झाली. तेराव्या गोळीपासून प्रत्येक गोळीचं वजन शून्याच्या खाली!

मी ते न बघताच कर्णिकबाईंकडे दिलं. बाई प्रत्येक कागद कॅल्क्युलेटरवर तपासायच्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे म्हणाल्या, "ही बॅच वजन उतरवायच्या गोळ्या म्हणून विकायला हरकत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावडेने मात्र माझ्याकडून वदवून घेतलं की यापुढे वजाबाकी करण्याआधी दोन्ही याद्यांची लांबी मोजायची. आजही भाजीवाल्याकडून मी आधी पिशव्या मोजून घेते.

*

एकदा हजार गोळ्यांतली एक लॅबमध्ये फरशीवर पडून फुटली. गावडेने तिच्या जागी 'माहीत नाही' अशी खूण टाकली आणि सरासरी मागितली. उत्तर आलं, माहीत नाही.

साहेब भडकले. नऊशे नव्व्याण्णव गोळ्या धडधाकट असताना एकीपायी सगळ्यांची सरासरी जाते म्हणजे काय, ही कसली भाषा, असं त्यांनी बरंच काही ऐकवलं. गावडे समजावायला तोंड उघडतोय तेवढ्यात कर्णिकबाई म्हणाल्या, "काही नाही हो साहेब, एक नणंद रुसली की अख्ख्या लग्नाचं असंच होतं. तिला बाजूला बसवा, बाकीचं लग्न लागेल."

गावडेने ती गोळी बाजूला बसवली. सरासरी आली.

*

बाजूला बसवायची या भाषेत फार छान सोय होती. यादीच्या नावापुढे कंसात वजा तीन लिहिलं की तिसरा सोडून बाकी सगळे हजर. गावडेने गंमत म्हणून आम्हा चौघांची नावं हजेरीपटाच्या क्रमाने 'विभाग' या नावाखाली कॉम्प्युटरमध्ये घातली. झालं, आमची बोलीच बदलली. बाईंचा उपास असला की कँटीनला "वडे, वजा दोन." मी रजेवर गेले की "वजा तीन." साहेब हेड ऑफिसला गेले की सेक्शनभर आनंदाने "वजा एक, वजा एक!"

एकदा साहेब छत्री विसरले म्हणून परत आले आणि त्यांनी हे ऐकलं. हा वजा एक कोण, असं त्यांनी विचारलं. आम्ही फायलींत डोकी घातली. शेवटी गावडेनेच सगळं समजावून सांगितलं, खरं बोलायची त्याला खोडच होती. साहेबांनी ऐकून घेतलं, छत्री उचलली आणि जाता जाता म्हणाले, "म्हणजे मी नसलो तरी यादी चालते."

पुढच्याच आठवड्यात हेड ऑफिसचं पत्र आलं. प्रत्येक सेक्शनमधली एक जागा कमी करायची आहे. कोणाची, ते सविस्तर कारणांसह कळवावं. त्या दिवसापासून आमच्यात कुणी 'वजा चार' म्हणेना. गावडे खाली चहा प्यायला गेला तरी आम्ही म्हणायचो, तो आत्ता येईल हं.

*

मी आणि कर्णिकबाईंनी गावडेला जिन्यात गाठलं. बाईंनी त्याला सरळच सांगितलं, "हे बघ, तुझं डोकं मोठं आहे, पण साहेबांची पट्टी एक फुटाची आहे. जुन्या पद्धतीने लिही. इंच दाखव."

त्याला ते आवडलं नाही, पण घर डोळ्यापुढे असणार. शनिवारी तो दोन्ही हातांत धरून गठ्ठा घेऊन आला. पहिली गोळी घे, गुण, ठेव. दुसरी गोळी घे, गुण, ठेव. अशी ओळीने हजार गोळ्यांची कहाणी. साहेबांनी पट्टी लावली. चार इंच! आमच्या सेक्शनचा विक्रम. साहेबांचा चेहरा असा फुलला की मला आणि बाईंना रडूच यायचं बाकी होतं.

"शाब्बास. एवढं सगळं कधी लिहिलंस रे?" साहेबांनी कौतुकाने विचारलं.

बाईंनी टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती माझ्या पायाला लागली.

"लिहिलं नाही, साहेब," गावडे म्हणाला. "हे सगळं छापणारी एक ओळ लिहिली."

साहेबांनी गठ्ठा बाजूला सरकवला. मग त्यांनी ती ओळ बघायला मागितली, दोनदा वाचली आणि डायरी न उघडताच आपल्या खोलीत दार लावून बसले. त्या शनिवारी कुणाचेच इंच मोजले गेले नाहीत. बसस्टॉपवर कर्णिकबाई म्हणाल्या की पोराची वाट आपणच लावली, आणि मुलुंडला घरी पोचेपर्यंत मला ते खरंच वाटत होतं.

*

सोमवारी साहेब कॉम्प्युटरच्या टर्मिनलपाशी आले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या यंत्राला हात लावलेला नव्हता. गावडेला उठवून ते त्याच्या खुर्चीत बसले. कंस कुठे आहे, वजाचं बटण कुठलं, हे विचारून घेतलं आणि आम्हाला आपापल्या जागेवर जायला सांगितलं. एका बोटाने बराच वेळ टकटक चालली होती. प्रिंटर मात्र एकदाच वाजला. साहेबांनी कागद फाडला, खाली सही केली आणि लिफाफ्यात घालण्यासाठी कर्णिकबाईंकडे दिला.

बाईंनी तो वाचला आणि मला दिला. मी वाचला आणि गावडेला दिला. वर एक ओळ होती, विभाग, कंसात वजा एक. खाली तीन नावं. कर्णिक, माझं आणि गावडेचं.

बुधवारी हेड ऑफिसचा फोन आला. सामंतसाहेबांच्या पत्राचं पहिलंच पान मिळालंय, कारणांची पानं कुठे आहेत, असं कुणीतरी विचारत होतं. बाईंनी रिसीव्हर साहेबांकडे दिला. ऑफिसात कायम इंग्लिश नाहीतर शुद्ध मराठी बोलणाऱ्या आमच्या साहेबांनी समोरच्याचं सगळं ऐकून घेतलं, एकदा गावडेकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाले,

"बाकीचा काय नाय."

आणि त्यांनी फोन ठेवला.