काझी सरांचं पोस्टकार्ड

मास्तर लोकांचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो, पण किस्से काही संपत नाहीत. मी लातूरला इंग्रजी शिकवत आलो. म्हणजे पोरं ज्या तासाला झोप काढतात, तो तास माझा! किस्से जमवायला वेळच वेळ. त्यातले निम्मे एकट्या काझी सरांचे.

काझी सर आमच्या शाळेत इंग्रजीचे सीनियर. पत्रलेखन शिकवायचे, पण वहीत नाही. पोरांनी पोस्टकार्ड लिहून खरोखर पेटीत टाकायचं, सरांच्या घरच्या पत्त्यावर. सर लाल शाईनं तपासून, पाकिटात घालून परत धाडायचे. दहापैकी दहा पडले की सुटका, नाहीतर पुन्हा लिहून पाठवा!

पोस्टमन एकदा वैतागला. "सर, तुमच्यापायी माझी सायकल बसली!"

"मियाँ, माझं दार वाजवणारं दुसरं हाय कोण?"

बेगम जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आम्ही स्टाफरूममध्ये यावर पोट धरून हसलो. आता लाज वाटते.

*

मग पत्राची नवी पद्धत आली. पत्ता डावीकडे, तारीख डावीकडे, सहीसुद्धा डावीकडे. 'युवर मोस्ट ओबीडियन्ट सर्व्हन्ट' तर कधीच हद्दपार झालं होतं.

हेडसरांनी समजावलं, "सर, आता जगभर असंच लिहितात."

काझी सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "सगळेच डावीकडं गेले! मग उजवीकडं मी एकटाच का?"

*

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये एक गोरी डॉक्टरीण आली. दुभाषे म्हणून काझी सर. सरांनी कोटाची बटणं लावून तिच्यापुढं अदबीनं असं काही इंग्रजी सोडलं, की ती बघतच राहिली. म्हणाली, "माझे आजोबा असं बोलायचे!"

सर दिवसभर खूश. संध्याकाळी मला म्हणाले, "तिचे आजोबा हयात हायेत का, इचारायचं राहून गेलं हो. बोललो असतो."

*

त्याच आठवड्यात सरांना एक कार्ड आलं. आमच्या नववीतलं पोरगं गणपती बुडवायला गावी गेलं होतं आणि तिथून त्यानं ते टाकलं होतं. कार्ड पोचलं तेव्हा गाव राहिलं नव्हतं. पोरगंही नव्हतं.

कार्डात चुकाच चुका होत्या. सरांनी दहापैकी दहा दिले. त्यांच्या नोकरीत पूर्ण मार्क तेवढे एकदाच.

*

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. रिटायर झालेल्या काझी सरांना एका क्लासनं बोलावलं. हॉलमध्ये गावोगावची दोनशे पोरं. सर म्हणाले, "पोस्टकार्ड काढा!"

डायरेक्टर धावत आले. "सर, पेपरला पत्र नाही. चारातला एक गोल काळा करायचा, बस!"

"आणि पोरांना घरची याद आली तर? घरी काळा गोल धाडायचा?"

सरांचा तो पहिला तास. शेवटचाही तोच.

*

मोबाईल आल्यावर एका जुन्या विद्यार्थ्यानं सरांना मेसेज केला. सगळे शब्द अर्धेमुर्धे. सर घाबरून माझ्याकडे आले. "इतकं तुटक तर आम्ही तारेत लिहायचो. बघा की, कोण वारलं?"

वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या.

*

सर आता अहमदपूरला एकटेच असतात. मागं भेटायला गेलो तर म्हणाले, "दार वाजलं तर मला वाटलं पोस्टमन. किती वर्षं झाली हो, वाजलंच न्हाई." मला लई वाईट वाटलं. लातूरच्या माझ्या खोलीचं दार तरी कोण वाजवतं?

परत आलो आणि पोस्टकार्ड टाकलं. घाईत, आजकालच्या इंग्रजीत. आठ दिवसांनी पाकीट आलं. कार्ड लालभडक! दहापैकी चार.

मलाही चेव आला. दुसरं कार्ड घेतलं. तारीख उजवीकडे, सही उजवीकडे, शेवटी 'ओबीडियन्ट सर्व्हन्ट'. तीनदा वाचलं. कानाकोपऱ्यात चूक सापडेना. टाकलं पेटीत.

आठ दिवसांनी पाकीट आलं. कार्डावर लाल शाईचा एक ठिपकासुद्धा नव्हता. फक्त खाली, सरांच्या अक्षरात:

"दहापैकी तीन. पुन्हा लिहून पाठवा."