वूफरच्या पेटीतल्या गोधड्या

देशाचा बाजार खुला झाला आणि त्या वाऱ्यात माझंही डोकं जरा जास्तच उघडं पडलं. मी सेकंडहँड गाडी घेतली. तिच्यात कंपनीनेच बसवलेला वूफर, म्हणजे ढोलासारखा जाड आवाज काढणारा स्पीकर आहे, हे अख्ख्या उज्जैनला सांगून झाल्यावर मी तो ऐकला. मांजर गादीवरून उतरते, तेवढा धप्प.

देवास गेटचा दुकानदार म्हणाला, "भैया, ये तो खिलौना है. बड़ा लगाओ, लकड़ी के बॉक्स में. अंदर बस हवा रहे."

आवाज वाढवायचं बटण उजवीकडे फिरतं, एवढंच माझं ध्वनिशास्त्र. नानाखेड्याच्या सुताराला मी पेटी सांगितली. पठ्ठ्याने सुंदर पेटी केली, वर झाकण, बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा!

"झाकण कशाला?"

"साब, बिना ढक्कन की पेटी में सामान डालोगे किधर से?"

मुद्दा मला बिनतोड वाटला. वूफर बसवला, पेटी डिक्कीत ठेवली, कॅसेट लावली. पहिल्याच ठोक्याला झाकण असं थडथडलं की टॉवर चौकातली कबुतरं थेट देवासला जाऊन उतरली. शेजारच्या काकांनी तर भूकंप समजून चपला न घालता रस्ता गाठला. मी सगळ्यांना सांगितलं, परदेशी आवाज असाच असतो.

बायकोने मात्र निकाल दिला. "अहो, रविवारी आई येतेय. तिचं सामान डिक्कीत मावलं आणि ही थडथड थांबली, तर ठीक. नाहीतर ही पेटी भैरवगढला, कापड रंगवणाऱ्यांच्या भट्टीत!"

सासूबाई अकोल्याहून आल्या त्या अर्धं अकोला घेऊनच. पापडांचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि हत्तीच्या पिलाएवढं गोधड्यांचं गाठोडं. मी डिक्की उघडली आणि मनातल्या मनात महाकाळाला नवस बोललो.

"यात काय हो, जावईबापू?"

"हवा, आई."

"हवा?"

"आवाजाला लागते."

"अगबाई! उज्जैनची हवा संपत आली का, पेटीत भरून ठेवायला?" त्यांनी कडी काढून आत डोकावलं. "एवढी जागा रिकामी काहून ठेवली?"

मी तोंड उघडेपर्यंत गाठोडं सुटलं होतं. एकेक गोधडी गुडघ्याने दाबून त्यांनी आत कोंबली, झाकण बसवलं आणि स्वतःच्या ट्रंकेचं कुलूप ठोकलं. वर डबे, बाजूला बरण्या. डिक्की बंद! बायकोचं तोंडही.

वाटेत मी भीतभीत कॅसेट लावली. झाकण हूं की चूं नाही. आवाज असा गोल, भरदार, जणू मागच्या सीटवर कुणी पखवाज घेऊन बसलंय. डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाटलं, त्यांच्या येण्याने.

घरी उतरताच त्या म्हणाल्या, "गोधड्या काढा आधी. मला दुसऱ्या अंथरुणावर झोप येत नाही."

गोधड्या निघाल्या की झाकण पुन्हा थडथडणार, आणि मग भैरवगढ. मी छाती पुढे काढली. "छे हो आई, तुमच्यासाठी आमची फोमची नवी गादी आहे ना!"

"आणि तुम्ही?"

"मला चटईच लागते. पाठीला बरी."

बायको माझ्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून माझ्या पाठीला चटई माहीत नव्हती.

आठवडाभर मी जमिनीवर, सासूबाई फोमवर आणि गोधड्या डिक्कीत. रोज सकाळी कंबर धरून गाडीत बसायचो, कॅसेट लावायचो, आणि खरं सांगतो, कंबर विसरायचो. मग एकदा चहा घेताना सासूबाई लेकीला म्हणाल्या, "गादी लय झ्याक आहे गं. सिंहस्थ पाहूनच जाईन म्हणते."

सिंहस्थाला अजून वर्ष होतं.