सीताबर्डीवर युरोपचा पास

लोक आमच्या ट्रॅव्हल ऑफिसातून तिकिटं घेऊन जायचे आणि किस्से आमच्याकडेच ठेवून जायचे. मित्र चहाला जमले की मी त्यातला एखादा काढतो, मग एकावर कोण थांबतं!

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. सीताबर्डीवर, जिना चढून वर आमचं ऑफिस. खेरडे साहेब, मी आणि भिंतभर युरोपचा नकाशा. तिकडे एकाच पासावर बऱ्याच देशांत रेल्वेनं हवं तितकं फिरता यायचं, पण पास इथूनच घेऊन जावा लागे. चुकला तर तिथं जाऊन बोंबलण्यात अर्थ नव्हता. साहेबांचा नियम सरळ होता: "रोज नवं गाव, तर पास. एका जागी मुक्काम, तर साधं तिकीट!"

एकानं विचारलं, "साहेब, तुम्ही गेला होता का युरोपात?"

"मीच गेलो तर तुम्हाला कोण पाठवेल?"

*

इतवारीतले एक भांड्यांचे व्यापारी आले. "साहेब, पासच द्या. फर्स्ट क्लास!"

"जाणार कुठं कुठं?"

"जर्मनीले. भाच्याकडे."

"आणि तिथून?"

"तिथून कायले? महिनाभर त्याच्याकडेच राहीन, मंग वापस!"

साहेबांनी पासाचं पुस्तक मिटलं. "शेठजी, तुम्हाला पास नको. भाचा पुरे!"

*

अजनीचे एक रिटायर्ड गार्ड काका आले. जन्म रेल्वेत गेलेला, त्यामुळे प्रश्न नेमका.

"पास असला तरी रिझर्वेशन लागतं?"

"काही फास्ट गाड्यांना लागतं."

"मग पास कशाला?"

"चढायला."

"आणि रिझर्वेशन?"

"बसायला!"

काका खूश. "म्हणजे आपल्यासारखंच आहे. द्या!"

*

कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक प्राध्यापक नकाशासमोर उभे होते. साहेब म्हणाले, "सर, एक सांगून ठेवतो. हा पास इंग्लंडात चालत नाही."

सर हताश होऊन खुर्चीत बसले. "म्हणजे जिथं माझं इंग्लिश चालणार, तिथंच तुमचा पास चालत नाही!"

*

आणि नरखेडकडचे वासुदेवराव. संत्र्याच्या मोठ्या बागा. त्यांना स्पेनमधल्या बागा पाहायच्या होत्या, मग स्वित्झर्लंडला मुलीकडे, आणि परत. सोबत सुमनकाकू. तासभर काकू एक शब्द बोलल्या नाहीत.

साहेबांनी निकाल दिला, "दोनच मुक्काम आहेत. तिकिटं घ्या, पास नको."

तेव्हा काकूंनी तोंड उघडलं. "त्या पासावर कोठीबी उतरता येते?"

"हो, काकू."

"कोणाले विचारा लागत नाही?"

"कोणालाच नाही."

"मंग मले पास द्या." काकूंनी नवऱ्याकडे बोट केलं. "यायले तिकीट द्या!"

वासुदेवराव चमकले. "काहून वं?"

काकू नकाशाकडे बघत राहिल्या. वासुदेवराव घाईनं म्हणाले, "साहेब, दोन्ही पासच करा."

परत आल्यावर दोघं संत्र्यांची टोपली घेऊन ऑफिसात आले. मी विचारलं, "कसा झाला प्रवास?"

"काय सांगू गा!" वासुदेवराव म्हणाले. "मंधात एक लहानसं स्टेशन आलं. मी खिडकीशी डुलकी घेऊन राहिलो होतो, अन् ही उतरून गेली! गाडी सुटल्यावर मले जाग आली!"

"बापरे! मग?"

"मंग काय," काकू म्हणाल्या, "हे पुढच्या स्टेशनावर बसले होते बिचारे. मी आली सांजच्या गाडीनं."

"दिवसभर तिथं काय पाहिलंत, काकू?"

काकूंनी पदर सारखा केला आणि हसल्या.

"ते मी यायलेबी नाही सांगतलं!"